चार बोटं बाजूला

मी तातामी शिवतो. आमच्या बंदरातल्या निम्म्या घरांत जमिनीवर जी गवती चटई आहे ती माझ्या नाहीतर माझ्या बापाच्या हातची. काठ धागाभर जरी वाकडा गेला तरी मी उसवून पुन्हा शिवतो, गिर्‍हाईक ‘असू दे हो’ म्हणत असलं तरी. आणि असा हा मी, कुवाबारा, वय एकोणसाठ, वर्षभर एका बाईच्या तोंडावर वाकडा ठोसा मारत होतो. चुकून नाही, मुद्दाम. चार बोटं बाजूला, तिच्या डाव्या कानाजवळून.

तेव्हा मी त्याला दया म्हणायचो. दया कसली डोंबलाची. भीती होती ती.

आमच्या दोजोत, म्हणजे कराटेच्या आखाड्यात, जानेवारीत सहा दिवस थंडीचा सराव असतो. पहाटे साडेपाचला, अनवाणी, लाकडी जमिनीवर. आधी सगळ्यांनी ओल्या फडक्याने जमीन पुसायची, वाकून, पळत. फडकं दुसर्‍या फेरीलाच कडक होतं. रॉकेलची शेगडी सराव संपल्यावर पेटवायची, आधी नाही, ही शिओमि सेन्सेइंची रीत. सेन्सेइ म्हणजे आमचे गुरुजी, शहात्तर वर्षांचे, जन्मभर बस चालवलेली. बोलणं थोडं आणि तेही सिग्नलला थांबल्यासारखं.

सहाव्या दिवशी, शनिवारी, सराव संपला की दहा वाजता पुढच्या पट्ट्याची परीक्षा. तिच्या जोड्यांचा कागद शुक्रवारी पहाटे चपलांच्या फळीवर लागला. मी जाता जाता नजर टाकली, कारण काय असणार ते मला ठाऊक होतं. खालच्या पायरीचे उमेदवार आमच्याकडे नेहमी विषम निघतात. तीन नाहीतर पाच. मग उरलेल्यासमोर उभं राहायला काळ्या पट्ट्यांतला एक जण लागतो, आणि गेली दोन वर्षं तो मीच होतो. ती बाई, फुमिए-सान, परीक्षेला बसणार, तिच्यासमोर मी असणार, ती पास होणार, आणि हे कुणाला कधी कळणार नाही, असा माझा हिशेब होता.

कागदावर सहा नावं होती. अग्निशमन दलातल्या फुवाने आयत्या वेळी नाव दिलं होतं. निशिवाकी फुमिए, आणि समोर फुवा. माझं नाव कुठेच नव्हतं.

मी तिथेच फळीला धरून उभा राहिलो. फुवा सत्तावीस वर्षांचा, आमच्या दारातून वाकून आत येतो. स्वभावाने गरीब गाय. पण ठोसा सरळ. सेन्सेइंनी दाखवलं तिथेच जातो, नाकाच्या खाली आणि ओठाच्या वर.

पाच पावलांचा सराव म्हणजे आमच्यातली बाराखडी. मारणार्‍याने आधी ‘जोदान’ असं ओरडून सांगायचं, म्हणजे तोंडावर मारतोय. मग सेन्सेइंच्या मोजणीबरोबर एकेक पाऊल पुढे आणि प्रत्येक पावलाला एक ठोसा. समोरच्याने तेवढीच पावलं मागे जायचं आणि दर वेळी हात खालून कपाळाच्या वर नेऊन तो ठोसा उडवायचा. पाचवा अडवला की उलट ठोसा पोटात. काय येणार, कुठे येणार, किती येणार, सगळं आधीच सांगितलेलं. तरी माणूस घाबरतो, कारण नियम एकच आहे: मारणार्‍याने खरं मारायचं. हात आला नाही तर लागलंच पाहिजे असं. कच्च्या माणसावर दया करून बाजूला मारायचं नाही, त्याने समोरच्याचा हात खोटं शिकतो. हे मी स्वतः नव्या लोकांना सांगत आलोय, तोंड वर करून.

तीन वर्षांपूर्वी याच सरावात ओनोदेराच्या डाव्या डोळ्यावर माझा ठोसा बसला. ओनोदेरा माझा शाळेपासूनचा मित्र, मासळीच्या लिलावात बोली पुकारणारा. दोनदा ऑपरेशन झालं, डोळा गेला तो गेलाच. तो म्हणतो, माझाच हात उशिरा आला रे, तू कशाला झुरतोस. दर वर्षअखेरीला अर्धा बुरी मासा कागदात गुंडाळून आणून देतो आणि एका डोळ्याने हसतो. बायको तो मुळ्याबरोबर शिजवते. मी रस्सा घेतो, मासा ताटाच्या कडेला सारतो.

तेव्हापासून समोर तोंड दिसलं की माझी मूठ आपोआप बाजूला जायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं. काळ्या पट्ट्याच्या लोकांसमोर मी उभाच राहायचो नाही, गुडघा दुखतोय म्हणायचो. नव्यांना काय कळतंय? त्यांचा हात वर यायचा, माझ्या हाताला कुठेतरी लागायचा, खट्ट वाजायचं, आणि त्यांना वाटायचं आपण अडवलं.

फुमिए-सानलाही असंच वाटलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, रोज चारशे पोरांचं जेवण. वय अठ्ठेचाळीस. डाव फिरवून फिरवून हात भक्कम, पण पहिले दोन महिने मी नुसतं पाऊल उचललं की तिचे डोळे घट्ट मिटायचे. एकदा फडकं पिळता पिळता तिने स्वतःच सांगितलं, हसत.

“नवर्‍याचा हात उठायचा ना, तेव्हाची सवय. त्याला सोडून सात वर्षं झाली. पण डोळ्यांना कुणी कळवलेलंच नाही.”

मी माझं फडकं पिळायला घेतलं.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी ती माझ्यामागे चपलांच्या फळीपर्यंत पळत आली. “कुवाबारा-सान, आज एकदाही मिटले नाहीत. पाचही वेळा तुमची मूठ बघितली मी. घरी जाऊन पोरीला फोन करणार आहे.” दुसर्‍या दिवशी माझ्यासाठी बटाट्याचे दोन तळलेले कोरोक्के घेऊन आली, गरमगरम. आणि मी ते खाल्ले. निर्लज्जासारखे, दोन्ही.

तर शुक्रवारी कागद बघून मी आधी गेलो सेन्सेइंकडे. ते शेगडीची वात पुसत बसले होते.

“सेन्सेइ, उद्या फुमिए-सानसमोर मला ठेवा ना.”

“का?”

“फुवा फार मोठा आहे तिच्यासाठी.”

“ठोसा मोठा नसतो,” सेन्सेइ म्हणाले. “सरळ असतो, नाहीतर वाकडा.” आणि मग वर न बघताच, “तू वाकडा कधीपासून मारतोस ते मला माहीत आहे. ओनोदेराच्या डोळ्यापासून.”

माझे कान तापले. “माहीत होतं तर बोलला का नाहीत?”

“तू येऊन सांगशील म्हणून थांबलो.”

तीन वर्षं थांबला म्हातारा. बसथांब्यावर प्रवासी येतोय का बघावं तसा. माझ्या तोंडात आलेली शिवी मी गिळली.

“उद्या पहाटे तिच्यासमोर तूच आहेस,” ते म्हणाले. “दहा वाजता फुवा. मधे काय करायचं ते तुझं तू बघ.”

बाहेर आलो तर फुमिए-सान तिच्या छोट्या गाडीच्या काचेवरचा बर्फ स्वयंपाकघरातल्या उलथन्याने खरवडत होती. अजून पुरतं उजाडलेलं नव्हतं.

“फुमिए-सान, एक सांगायचं होतं.”

“सांगा. पण लवकर हं, तांदूळ धुवायचेत.”

“मी तुम्हाला खरा ठोसा मारत नाही.”

“म्हणजे?”

“बाजूला मारतो. कानाजवळून. तुम्ही हात उचलला नाही तरी लागणार नाही असा.”

उलथनं थांबलं. “केव्हापासून?”

“पहिल्यापासून.”

“सगळे?”

“सगळे.”

“मी कोरोक्के आणले त्याच्या आदल्या दिवशीचे पाच?”

“तेसुद्धा.”

तिने उलथन्यावरचा बर्फ बोटाने निपटला. मला वाटलं रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

“म्हणजे मी डोळे उघडे ठेवलेच नव्हते,” ती म्हणाली. “मिटावेत असं काही समोर आलंच नव्हतं.”

“ओनोदेराचं झालं तेव्हापासून माझा हात—”

“तुमच्या हाताचं मला सांगू नका.” आवाज चढला नव्हता, तो नुसता सपाट झाला होता. “नवर्‍याने मला खूप मारलं, कुवाबारा-सान. पण फसवून नाही मारलं.”

हे माझ्या काळजात गेलं ते अजून निघालेलं नाही. मी आपलं काहीतरी बरळलो. उद्या बसू नका, ताप आलाय म्हणून सांगा, पुढची परीक्षा जूनमध्ये आहे, तोवर मी हळूहळू सरळ मारायला लागेन.

“उद्या पहाटे समोर तुम्हीच ना?”

“हो.”

“मग खरा मारा.”

“नाही जमणार मला.”

“मग येऊ नका,” ती गाडीत बसत म्हणाली. “वाकडं शिवायला दुसरं गिर्‍हाईक बघा.”

त्या दिवशी मी दुकानात एकच काठ चारदा उसवला. सुई दोनदा बोटात घुसली. धागा कोपराने ताणताना उजवा हात डोळ्यांसमोर यायचा आणि मला ओनोदेराचा गुडघ्यांवर बसलेला आकार दिसायचा, दोन्ही हात तोंडावर घेतलेला. फुमिए-सानचा हात वर्षभर हवेत शिकलेला, म्हणजे उशिराच येणार. उद्या फुवाने मारलं तर तिचा ओठ फाटेल, दात जाईल, डोळे पुन्हा मिटतील ते जन्मभरासाठी. मी मारलं तर तेच, वर ते माझ्या हाताने. न जाण्याचा विचार मी किमान दहा वेळा केला. गुडघा होताच की कामाला.

शनिवारी उणे चार होतं. गेलो. का गेलो ते विचारू नका, धाडस वगैरे काही नव्हतं. घरी बसून दहा वाजण्याची वाट बघणं त्याहून भयंकर वाटलं एवढंच.

फुमिए-सानने माझ्याकडे बघितलं नाही. जमीन पुसली. जागेवर उभं राहून शंभर ठोसे झाले, मूठ कमरेवरून सुटून शेवटी वळते ते. मग लाथा. माझ्या तळपायांना जमीन लागत नव्हती, नुसती कळ लागत होती. मग सेन्सेइ म्हणाले, “पाच पावलं.” आम्ही समोरासमोर उभे राहिलो आणि वाकलो.

“जोदान,” मी म्हणालो. आवाज बाहेर आला तो दुसर्‍याच कुणाचातरी.

“इचि,” सेन्सेइंनी मोजलं. एक.

मी पाऊल टाकलं, आणि मूठ गेली जिथे रोज जाते तिथेच. कानाजवळ. ती नियमाप्रमाणे मागे गेली. पण तिने हात उचलला नाही. दोन्ही मुठी कमरेशी.

दुसरा. पुन्हा कानाजवळ, पुन्हा हात खाली. तिसरा, चौथा, पाचवा. ती माझ्या मुठीकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. पाच झाले आणि उलट ठोसाही तिने मारला नाही. शेजारच्या जोडीतला फुवा आमच्याकडे बघायला लागला.

“पुन्हा,” सेन्सेइ म्हणाले.

“हात उचला,” मी ओठ न हलवता म्हणालो.

“ठोसा आल्यावर उचलेन.”

आता माझी पाचावर धारण बसली. ही बाई खरंच उचलणार नाही. आणि मी खरा मारला आणि हिने तेव्हाही उचलला नाही तर? ओनोदेराने निदान उचलला तरी होता. मला वाटलं वाकून नमस्कार करावा आणि सरळ बाहेर जावं, बर्फात, अनवाणी. पण दहा वाजता तिच्यासमोर फुवा असणार होता, आणि तो काही बाहेर जाणार नव्हता.

“जोदान.”

“इचि.”

कानाजवळ. हात खाली.

“नि.”

दुसर्‍या पावलाला मी सरळ मारला. कसा मारला ते मला सांगता येत नाही. पाऊल पडलं, मूठ सुटली, आणि बोटांच्या सांध्यांना काहीतरी मऊ लागलं आणि त्यामागे दात. मग माझ्या मनगटाखाली तिचा हात येऊन आदळला, उशिरा. बघतो तर तिच्या वरच्या ओठातून रक्त येत होतं आणि हनुवटीवरून पांढर्‍या जाकिटावर टपकत होतं.

मी मूठ खाली घेणार तोच ती म्हणाली, “पुढचा.”

सेन्सेइ थांबले नाहीत. “सान.” तीन.

तिसरा. तिचा हात लवकर आला, मूठ तिच्या भुवईला घासून वर गेली. चौथा. हाडावर हाड असं बसलं की माझ्या कोपरापर्यंत मुंग्या आल्या. पाचवा वर उडाला, माझ्या डोक्याच्याही वर. आणि मग तिचा उलट ठोसा पोटात आला, जो ती वर्षभर दोन बोटं अलीकडे थांबवायची. आज थांबवला नाही. सकाळचा चहा वर आला.

आम्ही वाकलो. तिने बाहीने ओठ पुसला.

“मी दोनदा मिटले,” ती म्हणाली. “शेवटचे दोन बघितले.”

“चांगलं आहे,” मी कसाबसा म्हणालो. “फार चांगलं आहे.”

“तुम्हाला काय माहीत? तुम्ही कुठे बघत होता? खरे मारलेत ते चारही वेळा तुमचे डोळे मिटलेले होते.”

मी हसायला गेलो. ती हसत नव्हती.

“काहीतरीच काय.”

“मुठीकडे नाही, तुमच्या तोंडाकडे बघत होते मी. पाऊल पडलं की मिटता, माझ्याही आधी. घट्ट. मला ओळखू येतं ते.”

डोळे मिटून मारतोय मी, माणसाच्या तोंडावर. कधीपासून? ओनोदेरा समोर होता तेव्हापासून, की त्याच्याही आधीपासून? त्याचा हात उशिरा आला असं तो म्हणतो. तो उशिरा आलेला मी पाहिला होता का? त्याचे गुडघे टेकलेले आठवतात, तोंडावरचे हात आठवतात. मूठ पोचण्याआधीचं त्याचं तोंड मला आठवत नाही. किती आठवून बघितलं, नाहीच आठवत.

“पुन्हा,” सेन्सेइ म्हणाले.

“कुवाबारा-सान,” फुमिए-सान म्हणाली, आणि शुक्रवारपासून पहिल्यांदाच तिचा आवाज थोडा मऊ होता. “उघडे ठेवा. मी काही मरत नाही.”

तिसर्‍या फेरीत मी पापण्या उघड्या धरून ठेवल्या, बोटाने धराव्यात तशा. पाणी आलं डोळ्यांत. मूठ जाताना दिसली. समोर तिचा सुजलेला ओठ दिसला, जवळ जवळ येत गेला, आणि मला इतकी भीती वाटली की ओरडावंसं वाटलं. मग खालून तिचा हात आला. तो येताना मला दिसला. आयुष्यात पहिल्यांदा दिसला म्हटलं तरी चालेल.

दहा वाजता परीक्षा सुरू झाली. मी भिंतीशी गुडघ्यांवर बसलो होतो. बाहीखाली हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा झालेला. फुमिए-सान आणि फुवा मधे आले. तिचा ओठ बघून फुवाचं तोंड पडलं.

“फुमिए-सान, तुमचा ओठ... मी जरा सांभाळून—”

“बाजूला मारलास तर याद राख,” ती म्हणाली.

फुवाने माझ्याकडे बघितलं. सेन्सेइंनीही बघितलं. मी मान डोलावली, आणि फुवाने डावा पाय पुढे घेतला.

“जोदान.”

“इचि.”

तो एवढा धिप्पाड पोरगा पुढे आला आणि त्याची मूठ कमरेवरून सुटली, सरळ तिच्या ओठावर. माझ्या पापण्या खाली यायला निघाल्या. मी त्या तिथेच धरल्या. तिचा हात खालून निघाला, मला वाटलं उशीर झाला, आणि मग खट्ट. मूठ तिच्या केसांच्या वरून गेली. तिचे डोळे सताड उघडे होते.

अजून चार बाकी होते.